दिलेला शब्द आणि मुलाचा धीर

"आमच्या चिरंजीवांना जरा म्हणून धीर नाही!" मैत्रिणींनो, असं आपण सहज म्हणतो. पण दोष मुलाचाच असतो का?

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना कबूल केलेले छानसे रंग खरोखर आणून दिले. बाकीच्यांना "संपले" म्हणून सांगितलं. मग प्रत्येकापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड वडी ठेवली. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन! रंग मिळालेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली तीनच.

तेव्हा "रात्री गोष्ट वाचून दाखवीन" म्हटलंत ना, मग कितीही दमलात तरी दोन पानं वाचाच. मुलाचा धीर आपल्या शब्दावरही उभा असतो.