सूक्ष्मदर्शकाशेजारचे थोटूक

म्युनिक शहरात १९०४ साली उघडलेल्या नव्या मनोरुग्णालयात मेंदूच्या विकृतींचा अभ्यास करणारी जी प्रयोगशाळा होती, तिच्याविषयी तेथे उमेदवारी केलेल्या मंडळींची एक आठवण सांगितली जाते. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर अलॉईस आल्झायमर चिरूट ओढीत एकेका विद्यार्थ्याच्या मेजाशी येत, त्याच्या शेजारी ठाण मांडून बसत, हातातला चिरूट मेजाच्या कडेला ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावीत, आणि काचपट्टीवरील पेशींचे विवेचन करता करता त्यात असे रंगून जात की, दिवस मावळेपर्यंत प्रत्येक मेजावर चिरुटाचे एकेक थोटूक राहिलेले असे.

ज्या काळी मेंदूचे विच्छेदन करणारा मनुष्य आणि रुग्णाशी बोलणारा मनुष्य हे बहुधा निरनिराळे असत, त्या काळी ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावी हा आग्रह आल्झायमर यांनी फ्रांकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळातून आणला होता. तेथे १८८९ पासून फ्रांट्स निसल हा पेशी रंगविण्याच्या विद्येतला उस्ताद त्यांचा सहकारी होता, आणि दिवसा रुग्णांची विचारपूस व रात्री सूक्ष्मदर्शक हा दोघांचा शिरस्ता होऊन बसला होता. पुढे म्युनिकच्या या मनोरुग्णालयाचे प्रमुख झालेले एमिल क्रेपेलिन यांनी त्यांना आपल्याकडे ओढून घेतले खरे. पण म्युनिकमधील पहिली काही वर्षे त्यांनी बिनपगारी चाकरी केली. दिवंगत पत्नीची संपत्ती गाठीशी असल्यामुळे ती निभली, हेही नमूद केले पाहिजे. विद्यादानाच्या थोरवीमागे पुष्कळदा अशी एखादी अनुल्लेखित तिजोरी उभी असते.

शिक्षण म्हणाल तर ते मुख्यतः डोळ्यांचे आणि हाताचे. मेंदूचा तुकडा टणक करावा, त्याचे पातळ काप काढावेत, निसल यांच्या पद्धतीने ते रंगवून पेशींची काया पाहावी, बिएलशोव्हस्की यांच्या रौप्यप्रक्रियेने पेशींतील सूक्ष्म तंतू काळे करून पाहावेत, आणि मग प्रतिमा कागदावर उतरविणारे 'कॅमेरा ल्यूसिडा' हे उपकरण लावून जे दिसते ते चितारावे. हे चितारणेच मला या तालमीचा गाभा वाटते. छायाचित्र जे समोर आहे ते सरसकट उचलते; पण रेघ ओढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी ठरवावे लागते की, ही विकृती आहे, की केवळ रंगाचा डाग.

या तालमीची कसोटी पाहणारी काचपट्टी लवकरच आली. औगुस्टे डेटर ही स्त्री नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रांकफुर्टच्या इस्पितळात दाखल झाली, तेव्हा तिचे वय ५१ होते. अर्थात 'साठी बुद्धी नाठी' म्हणून तिची दुर्दशा वार्धक्याच्या खाती टाकून मोकळे होण्याची सोय नव्हती. एप्रिल १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू व कागदपत्रे म्युनिकला आली; पेशींत गुंतवळासारखे तंतू आणि बाहेर जागोजाग साचलेले कण आढळले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या परिषदेत आल्झायमर यांनी हे प्रकरण मांडले, तेव्हा सभेतून एकही प्रश्न आला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर छापलेली टिपणीही अगदी त्रोटक होती.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आजच्या प्रबंध-मार्गदर्शकांनी ध्यानी घेण्याजोगे आहे. आपलेच हे प्रकरण त्यांनी उदीने येथून आलेल्या गाएतानो पेरुसिनी या तरुणाच्या हवाली केले. पेरुसिनीने त्याला आणखी तीन रुग्णांची जोड देऊन, तपशिलांची रुजुवात करून, १९०९ मध्ये विस्तृत सचित्र निबंध स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. क्रेपेलिन यांनी १९१० च्या आपल्या पाठ्यग्रंथात रोगाला जे नाव दिले ते मात्र गुरूचे. त्या नामकरणामागे शास्त्र किती आणि संस्थेचा अभिमान किती, याचा वाद इतिहासकार अजून घालतात. प्राग येथील ऑस्कर फिशर हे १९०७ पासून वृद्धांच्या मेंदूंत तसलेच साठे दाखवीत होते, त्यांच्या वाट्याला नाव आले नाही.

उमेदवार कोठून कोठून आले होते! लायबेरियात जन्मलेले आणि बोस्टनमध्ये वैद्यक शिकलेले सॉलोमन कार्टर फुलर हे अगदी आरंभीच्या तुकडीतले. त्यांच्या आजोबांनी व्हर्जिनियात गुलामगिरीतून स्वतःची सुटका विकत घेतली होती. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरोच्या इस्पितळात परतून फुलर यांनी म्युनिकची विद्या इंग्रजीत आणली, आणि १९१२ मध्ये या रोगाच्या तोवरच्या साऱ्या प्रकरणांचा आढावा घेतला. बिल्बाओचे निकोलास आचुकारो यांना गुरूच्याच शिफारशीवरून वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात प्रयोगशाळा उभारण्याचे काम मिळाले. याच उमेदवारांपैकी लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत जे गोलक पाहिले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात; दुसरे उमेदवार चेर्लेत्ती यांनी पुढे रोममध्ये विजेच्या झटक्याचा उपचार सुरू केला, ज्याचा इन्साफ येथे करीत बसत नाही.

१९०९-१० च्या सुमाराचे या मंडळींचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात आचुकारो, लेवी, चेर्लेत्ती, आणखी एक उमेदवार बोनफिल्यो आणि पेरुसिनी गुरूंच्या भोवती आहेत. १९१२ मध्ये आल्झायमर प्राध्यापक म्हणून ब्रेस्लाऊला गेले, आणि तेथेच १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, निवर्तले. त्याच महिन्यात, थोडे दिवस आधी, इटलीच्या आघाडीवर तोफगोळ्याने जखमी झालेले पेरुसिनी लष्करी इस्पितळात वारले होते. औगुस्टेचे दप्तर १९९५ मध्ये फ्रांकफुर्टला सापडले, आणि तिच्या मेंदूच्या काचपट्ट्या त्यानंतर म्युनिकमध्ये हाती लागल्या. त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा पेरुसिनीने चितारलेले ते गुंतवळ जसेच्या तसे दिसले.