संबळापासून चार हातांवर

गोंधळ ऐकायचा तर संबळापासून चार हातांवर बसून ऐकावा. सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून मी तो पुष्कळदा ऐकला होता. पण बार्शीकडच्या एका नातेवाइकांच्या अंगणात, लग्नानंतरच्या गोंधळाला रात्रभर बसलो, तेव्हा ही कला घडते कशी ते समोर दिसलं. गाणारे-वाजवणारे तिघेच होते. मुख्य गाणारा नाईक, संबळवाला आणि तुणतुणेवाला. तुणतुणं ज्याच्या हाती, तोच झीलकरी. दिवटीवर तेल घालायला घरातलाच एक मुलगा बसवला होता.

आधी चौक मांडला गेला. पाटावर खणाचं नवं कापड, तांदळाची रास, कलश, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, आणि वर पाच उसांची टोकं एकत्र बांधून केलेला मांडव. नाईकांचे हात मांडणीत होते आणि तोंडाने घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी चालली होती.

"आत्याबाई, बांधावर कोण देव हाय तुमच्या?"

"म्हसोबा."

"अन् मूळ गाव?"

आत्याबाईंनी गावाचं नाव सांगितलं. ते गाव सोडून या घराला तीन पिढ्या झाल्या होत्या. पुढे आवाहनात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा असे मोठे देव बोलावून झाल्यावर त्याच लयीत बांधावरचा म्हसोबा आला, आणि त्या सुटलेल्या गावची देवीही आली. आत्याबाईंनी पदर सावरून हात जोडले. आवाहनाचा साचा पिढ्यांपासून चालत आलेला असतो, पण त्यातली शेवटची नावं प्रत्येक अंगणात नव्याने भरावी लागतात. नाईकाची तयारी मी इथे मोजतो.

संबळ म्हणजे जोडलेली दोन लहान-मोठी चामडी वाद्यं, कमरेला बांधून उभ्याने वाजवायची. एक काठी सरळ, दुसरीचं टोक वळवलेलं. मोठ्याचा आवाज खर्जातला, धाकट्याचा चढा आणि कडक. रात्री हवेत ओल आली की कातडं ढिलं पडतं. संबळवाला मधूनच दिवटीजवळ सरकायचा, कातड्याला आच दाखवायचा, एक ठोका देऊन कान लावायचा आणि परत यायचा. तेवढ्या वेळात नाईक गाणं थांबवून गद्यात बोलायला लागत. ऐकणाऱ्याला वाटावं, हे निवेदन इथेच यायचं होतं. मला त्या रात्रीतलं सर्वांत मोठं कौशल्य ते वाटलं. तिघांपैकी एकाचा हात रिकामा झाला की उरलेले दोघे ती जागा भरून काढतात, आणि त्यासाठी कुणी कुणाला खूणही करत नाही.

तुणतुण्याला तार एकच. लाकडी नळकांड्याचं तळाचं तोंड कातड्याने मढवलेलं, त्याच्या मध्यातून निघालेली तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला ताणलेली. आधाराचा सूर आणि लय, दोन्ही त्या एका तारेतून निघतात. ते वाजवता वाजवता झीलकरी नाईकाच्या ओळीचं शेपूट उचलतो, वरच्या पट्टीत झील धरतो आणि नाईकाला दम घ्यायला जागा देतो. शिवाय प्रश्न विचारण्याचं कामही त्याचंच. ऐकणाऱ्याच्या मनात येईल ते तो भोळेपणाने विचारतो, नाईक समजावून सांगतो, आणि कथा एक पाऊल पुढे सरकते. लोक नाईकाचं नाव लक्षात ठेवतात. पण गोंधळ चढतो की पडतो, ते झीलकऱ्यावर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मध्यरात्रीनंतर जांभूळ आख्यान लागलं. विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलेलं हे आख्यान मराठी रसिकांच्या ओळखीचं आहे. तोडलेलं जांभूळ पुन्हा झाडाला लागायचं तर पांडव आणि द्रौपदी यांतल्या प्रत्येकाने मनातलं खरं सांगायचं, आणि द्रौपदीच्या मनात कर्ण आहे. द्रौपदीची पाळी आली तसे नाईक गायचे थांबले. संबळही थांबला, फक्त तार चालू राहिली. ओसरीवरच्या बायका पुढे सरकून बसल्या होत्या. नाईकांनी तिकडे पाहिलं आणि द्रौपदीचं बोलणं खालच्या आवाजात, अगदी सावकाश सांगितलं. पाच नवऱ्यांची बायको सहाव्याचं नाव घेते, तेही नव्या सुनेच्या घरात, देवीच्या चौकासमोर. तिथे कुणाला ते वावगं वाटलं नाही. नाईकांनी द्रौपदीला दोष दिला नाही, की तिची बाजूही मांडली नाही. कबुली संपल्यावर संबळ एकदम द्रुत लयीत उठला, तेव्हा माझ्या शेजारची बाई रडत होती.

ही कला ज्या गोंधळी समाजाची, त्यात तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई अशा दोन शाखा आहेत. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास याच परंपरेतला मानला जातो. बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची करपल्लवी ही यांचीच विद्या. परभणीच्या राजाराम कदमांसारख्या कलावंतांनी गोंधळ मोठ्या व्यासपीठांवर नेला, त्यामुळे या कलेला मान मिळाला, याबद्दल कृतज्ञताच आहे. तरीही व्यासपीठावर वीस मिनिटं मिळतात. त्यात आवाहन आणि एखादं जोशातलं पद बसतं, आख्यान बसत नाही. समोरच्या अंधारात नाईकाला बायका दिसत नाहीत, मग आवाज कुणासाठी उतरवायचा?

आरती झाली तेव्हा उजाडायला आलं होतं. संबळवाल्याच्या कमरेवर पट्ट्याचा वळ उठला होता.

घरी गोंधळ ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'तासाभरात आटपा' असं गोंधळ्यांना सांगू नका. भाड्याचा ध्वनिक्षेपक आणू नका, अंगणाला तिघांचा आवाज पुरतो. आख्यान कोणतं लावणार ते आधी विचारा आणि ते पूर्ण ऐका. मांडणी चालू असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना नाईकांजवळ बसवा. आणि बिदागी देताना झीलकऱ्याच्या हातातही वेगळी द्या.