अमेरिकन लोकप्रिय गीते आणि मद्रास

मैलापूरचे नाव निघाले की कपालीश्वराचे गोपुर आणि मार्गशीर्षातील मैफली डोळ्यांपुढे येतात. याच मैलापूरच्या समुद्रकाठी १९५४ पासून आकाशवाणीचे मद्रास केंद्र आहे. येथल्या रसिक रंजनी सभेसारख्या संस्थांत गाण्याचा निवाडा होतो तो जाणत्यांच्या डोलणाऱ्या मानेवरून. किती जणांनी ते विकत घेतले हे तेथे कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत मात्र नेमके हेच विचारले गेले. ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने जुलै १९४० पासून तबकड्यांच्या खपाची क्रमवारी छापावयास आरंभ केला. महायुद्धानंतर तीन हिशेब निरनिराळे असत : दुकानांतील खप, नभोवाणीवरील वादन आणि ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकताच हवी ती तबकडी वाजविणारी उपाहारगृहातील पेटी. त्यामुळे एका यादीतील पहिले गाणे दुसरीत मागे असे. खप व नभोवाणी यांची सांगड घालणारी शंभर गीतांची यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी निघाली.

हे गणित भारतात रुजले ते सिलोनच्या वाटेने. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि श्रोत्यांनी काटा तिकडे फिरविला. ऑक्टोबर १९५७ मधील ‘विविध भारती’ ही या माघारीचीच कबुली म्हणावी लागेल.

मद्रासकडील चित्रपटांनी कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहिली नाही. डोरिस डे यांनी हिचकॉकच्या १९५६ च्या चित्रपटात गायिलेले ‘के सेरा सेरा’ ब्रिटनमध्ये पहिले आले. गंमत अशी की, स्वदेशी ते दुसऱ्या पायरीवरच अडले. पुढच्याच वर्षी तमिळ ‘आरवल्ली’मध्ये ए. एम. राजा व जिक्की यांनी तीच चाल गायिली. तीन मात्रांचा संथ झोका, भविष्याविषयी मुलीचा प्रश्न आणि आईचे दैवावर सोपविलेले उत्तर : यात तमिळ घराला परके वाटावे असे काय होते?

बिल हेलींच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची गोष्ट वेगळी. १९५५ साली आठ आठवडे अग्रस्थानी राहिलेल्या या गीताचा भर चालीपेक्षा ठेक्यावर. त्या ठेक्याला हिंदीत खरा खोडकरपणा दिला तो पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी, १९५७ च्या ‘ईना मीना डीका’त. त्यांच्या संगीतदिग्दर्शनाचा आरंभ तमिळ चित्रपटांतूनच झाला होता. १९५८ साली मद्रासच्या जेमिनीसाठी ‘वंजिकोट्टै वालिबन’मध्ये त्यांनी पद्मिनी व वैजयंतीमाला यांच्या नृत्यस्पर्धेचे गीत बांधले, त्यात रॉकचा मागमूसही नव्हता.