काळा पाषाण आणि कॉम्प्युटरची नजर

इंदिरानगरात पाया खोदला की खाली काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा खडक महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पसरला आहे. पांडवलेण्यांच्या परिसरातील दगडखाणींत झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. पण लोखंड किंवा मँगनीज हवे तर मुख्यतः विदर्भ गाठावा लागतो. तिथे याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत.

कुरआन मजीदमधील एका सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. अल्लाहने ही दौलत जमिनीच्या पोटात ठेवली. शोधण्याचे कष्ट मात्र माणसाचे. त्या कामात आता कॉम्प्युटर उतरला आहे.

मुरलेला सराफ दागिना हातात घेताच अंदाज बांधतो, कारण त्याने हजारो दागिने पाहिलेले असतात. सॉफ्टवेअरचेही तसेच. खडकांचे नकाशे, जमिनीतील भेगा, विमानातून मोजलेले चुंबकत्व, ओढ्याच्या गाळातील धातूंचे प्रमाण, हे सारे त्याला पुरवतात आणि माहीत असलेल्या खाणी दाखवतात. त्या जागांची समान लक्षणे हेरून ते उरलेल्या मुलखाला चौकटी-चौकटीने गुण देते. खोल बोअर महाग पडतात. निरुपयोगी जागा आधीच गळाल्या तर तेवढा खर्च वाचतो. खनिज आहे की नाही, हे मात्र बोअर घेतल्यावरच कळते.

यात एक खोट आहे. जिथे कोणी शोधलेच नाही, ती जागा यंत्र सहज रिकामी समजते. शिवाय जास्त गुणांच्या चौकटीत कुणाचे शेत आहे, हे त्याला ठाऊक नसते. गावाला विचारणे माणसांनाच करावे लागेल.

आमच्या वाचकांच्या घरांत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुली-मुलांना पुण्याची आयटी कंपनी एवढीच वाट दाखवली जाते. १९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने भूवैज्ञानिक माहितीचे राष्ट्रीय पोर्टल सुरू केले. मार्च २०२५ मध्ये इंडिया एआय मिशन व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी कर्नाटक-आंध्रातील ३९,००० चौरस किलोमीटर भागात खनिजांच्या जागा हेरण्याची स्पर्धा जाहीर केली. त्यात केवळ महिलांच्या संघासाठी वेगळे बक्षीस होते!

सरावाला नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा बरा. मनसर, डोंगरी बुजुर्ग अशा काही खाणी यंत्रापासून लपवायच्या, उरलेल्यांवरून त्याला शिकवायचे आणि लपवलेल्या सापडतात का ते पाहायचे. सोबत भूगर्भशास्त्र शिकणारी एखादी मैत्रीण हवीच.