वर्णभेद, अमेरिकन विद्यापीठांतील

वर्णभेद, अमेरिकन विद्यापीठांतील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उच्च शिक्षणसंस्थांत वंश वा वर्ण यांवरून विद्यार्थ्यांना मिळणारी विषम वागणूक. तिचा अध्ययनावर व मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम हा शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र यांतील संशोधनाचा विषय आहे. केवळ प्रवेशाने समान शिक्षण साध्य होत नाही, हा या संशोधनाचा प्रमुख निष्कर्ष होय.

‘विभक्त पण समान’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ग्राह्य ठरविले होते. ओक्लाहोमा विद्यापीठाने १९४८ मध्ये जॉर्ज मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला न्यायालयीन निर्णयानंतर प्रवेश दिला. तथापि त्यांना वर्गालगतच्या खोलीत बसून व्याख्याने ऐकावी लागत. ग्रंथालयात त्यांना ठराविक मेजावरच बसावे लागे, तर उपाहारगृहात वेगळ्या वेळी जेवावे लागे. अशा निर्बंधांमुळे अध्ययन, चर्चा व विचारविनिमय यांत बाधा येते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते १९५० मध्ये घटनाबाह्य ठरविले. तरीही १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशाच्या वेळी दंगल होऊन दोघांचा मृत्यू झाला.

उघड निर्बंध संपल्यानंतर संशोधकांचे लक्ष अप्रकट भेदभावाकडे वळले. मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पीअर्स यांनी १९७० मध्ये ‘सूक्ष्म आक्रमण’ ही संकल्पना मांडली. किरकोळ भासणारे, परंतु वारंवार होणारे अवमान साचत जाऊन अपायकारक ठरतात, हे तिचे सार. डॅनियल सोलोरझानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गटचर्चांतून असेच अनुभव नोंदविले, उदा., अध्यापकांनी अल्प अपेक्षा ठेवणे, सहाध्यायींनी अभ्यासगटात न घेणे. जॅकलिन फ्लेमिंग यांना (१९८४) कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत साधने कमी असूनही तेथील विद्यार्थ्यांची बौद्धिक प्रगती अधिक आढळली. श्वेतवर्णीयबहुल संस्थांत त्यांना एकाकीपणा जाणवे. क्लॉड स्टील व जोशुआ ॲरन्सन यांच्या प्रयोगांत (१९९५) चाचणी बुद्धिमत्तेची निदर्शक आहे असे सांगितल्यास कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली. या परिणामाच्या व्याप्तीबद्दल मात्र पुढे मतभेद झाले.

मुलाखती व गटचर्चा यांतून अनुभवाचे स्वरूप कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी व्यापक सर्वेक्षणे आवश्यक ठरतात. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविली. त्यामुळे प्रवेशाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. प्रवेशानंतर वर्गात, ग्रंथालयात व उपाहारगृहात विद्यार्थ्याला बरोबरीचे स्थान मिळते किंवा नाही, हा मॅकलॉरिन खटल्यातील प्रश्न त्याहून निराळा असून संशोधनाच्या केंद्रस्थानी तोच आहे.