यंत्रे उभी राहिली. आवाज कोण घडविणार?

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गावरील बुटीबोरी आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ती तेथील विस्तीर्ण औद्योगिक वसाहतीमुळे. या गावाची आणखी एक ओळख मात्र बहुतेकांच्या विस्मृतीत गेली आहे. आकाशवाणीचे दहा लाख वॅट शक्तीचे मध्यमलहरी प्रक्षेपण केंद्र याच परिसरात उभारण्यात आले. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचा मुख्य आधार नागपूरचा हा प्रक्षेपकच होता. मध्यमलहरी दिवसा भूपृष्ठालगत प्रवास करतात व त्यांचा पल्ला मर्यादित राहतो. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरात होणारे त्यांचे शोषण ओसरते. मग त्या आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. देशाच्या मध्यभागी असलेला एवढा बलाढ्य प्रक्षेपक रात्रीच्या वाहिनीसाठी निवडला जावा, यामागचे शास्त्र हे असे होते.

परंतु या प्रचंड यंत्रातून बोलत कोण होते? राष्ट्रीय वाहिनीचे कार्यक्रम दिल्लीत सिद्ध होत. विदर्भाच्या मातीत उभे असलेले हे यंत्र निष्ठावान भालदाराप्रमाणे दुसऱ्याची ललकारी दूरवर पोहोचवीत राहिले. पुढे २०१८ च्या डिसेंबरअखेर प्रसार भारतीने ही वाहिनी बंद करण्याचे ठरविले. त्याच निर्णयान्वये अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम येथील आकाशवाणीच्या प्रशिक्षण संस्थाही गुंडाळण्याचे ठरले. वाहिनी गेल्याची थोडीफार हळहळ झाली. शाळा गेल्याची खंत मात्र फारशी कोणी केली नाही. वास्तविक अधिक दूरगामी हानी होती ती या दुसऱ्या गोष्टीत.

नभोवाणीची विद्या आपल्याकडे महाविद्यालयात क्वचितच शिकविली गेली. ती केंद्रांवरच शिकली जाई. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हा आणि नंतरही केंद्रांवर माणसे येत ती साहित्यातून, रंगभूमीवरून, संगीतातून. पुणे केंद्रावर सीताकांत लाडांच्या कल्पकतेतून १९५५ साली ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याच केंद्रावर व्यंकटेश माडगूळकरांनी ग्रामीण कार्यक्रमांची धुरा दीर्घकाळ वाहिली. या मंडळींपैकी कोणाकडे ध्वनिक्षेपणाची पदवी नव्हती. पण जाणत्यांच्या हाताखाली काम करण्याची, चुकण्याची आणि पुन्हा करून पाहण्याची सोय होती. कार्यक्रम अधिकाऱ्यांची नियमित भरती वर्षानुवर्षे रखडली आणि एकेक अनुभवी माणूस निवृत्त होत गेला, तशी ही गुरुपरंपरा खंडित झाली.

अशा वेळी ती जबाबदारी महाविद्यालयांवर येऊन पडते. तिचे भान त्यांना कितपत आहे? पत्रकारितेच्या बहुसंख्य अभ्यासक्रमांत नभोवाणी ही एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरतीच असते. विद्यार्थी मार्कोनीचे कार्य पाठ करतो, आकाशवाणीची उद्दिष्टे क्रमाने लिहितो आणि ध्वनिग्राहकापासून तोंड किती अंतरावर धरावे हे न शिकताच उत्तीर्ण होतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचे उत्तम शिक्षण मिळते; पण त्याचा रोख साहजिकच चित्रपटाकडे आहे. दुसरीकडे, जाहिराती पाहाव्यात तर प्रत्येक तरुण उद्याचा लोकप्रिय निवेदक होणार असे वाटावे. नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. पॉडकास्ट करायला ना परवाना लागतो ना पदवी. मग महाविद्यालयाचे काय काम? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण लेखणी स्वस्त झाली म्हणून कोणी लेखक होत नाही. कानासाठी लिहिणे हे डोळ्यांसाठी लिहिण्याहून वेगळे आहे. वाचकाला मागची ओळ पुन्हा पाहता येते. श्रोत्याच्या हातून निसटलेले वाक्य सहसा निसटतेच. खोलीचा घुमारा ओळखणे, मुलाखतीत गप्प राहून समोरच्याला बोलू देणे, या गोष्टी सरावानेच येतात. संपादनाचा प्रश्न तर नीतीचाही आहे. एखाद्याच्या बोलण्यातला ‘नाही’ कापून टाकायला आज क्षणभर पुरतो. तो कापू नये हे यंत्र शिकवीत नाही.

शिकण्यासाठी साधन मात्र हवे, आणि ते आता आवाक्याबाहेरचे राहिलेले नाही. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार उघडले. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. पुणे आणि मुंबई विद्यापीठांनी आपापली केंद्रे चालविली; साताऱ्याच्या दुष्काळी भागातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ गावकऱ्यांच्या आवाजात बोलू लागली. अशा केंद्राचा प्रक्षेपक असतो अवघ्या पन्नास वॅटच्या आसपासचा. बुटीबोरीच्या यंत्राशी तुलना केली तर वीस हजारांत एक! पल्लाही जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा. पण त्या दहा किलोमीटरांत बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखत असतात.

बुटीबोरीसारख्या ठिकाणी याचे मोल किती आहे! एका बाजूला कापूस, तूर आणि संत्र्याचा शेतकरी. दुसऱ्या बाजूला परप्रांतांतून आलेला कंत्राटी कामगार. कारखान्यात अपघात झाला, वायुगळतीची अफवा उठली, उन्हाचा पारा पंचेचाळिसावर गेला, तर या सर्वांना समजेल अशा बोलीत, विश्वसनीय आवाजात सांगणार कोण? वऱ्हाडी-नागपुरी बोलीचे ध्वनिमुद्रण, जुन्या शेतकऱ्यांच्या आठवणी, दंडार-खडीगंमतीची गाणी जतन करणार कोण? नागपूर परिसरातील महाविद्यालयांना याहून जिवंत प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही.

अर्थात सारा दोष महाविद्यालयांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. सामुदायिक केंद्रांना स्वतःची बातमीपत्रे देण्यास मुभा नाही. आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकवाव्या लागतात. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे निःसंदिग्धपणे मांडले होते. त्या मालमत्तेवर गावातील अपघाताची बातमी गावकऱ्यालाच देता येऊ नये, ही विसंगती शासनाने दूर केली पाहिजे.

तोवर महाविद्यालयांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आकाशवाणीतून निवृत्त झालेले निवेदक, अभियंते आणि कार्यक्रम अधिकारी आजही गावोगाव आहेत. पदवीच्या अटी बाजूला ठेवून त्यांना वर्गात बोलवावे. परीक्षेतील निम्मे गुण विद्यार्थ्याने प्रत्यक्ष सिद्ध केलेल्या कार्यक्रमाला द्यावेत, आणि त्यातील एक कार्यक्रम तरी महाविद्यालयाच्या आवाराबाहेरच्या माणसाचा असावा. यासाठी फार पैसा लागत नाही. मात्र ही जाणती पिढी वयाने थकत चालली आहे, आणि तिच्याजवळचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात संपूर्ण उतरलेले नाही. यंत्र बिघडले तर नवे विकत आणता येते. ही विद्या हातची गेली, तर ती कोठून आणणार, याचा विचार आत्ताच करणे आवश्यक आहे.