डॅनव्हिलचा मोटारवीर

घरांतील मुलें मोटारींच्या शर्यतीचीं चित्रें पाहत बसलीं होतीं. नामांकित सारथ्यांचीं नांवें त्यांस मुखोद्गत; पण वेंडेल स्कॉट हें नांव आम्हीं काढलें, तेव्हां सारींच आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. ज्याची कथा आम्हांस फार प्रिय आहे, त्या पुरुषाचें नांवहि ठाऊक नसावें, याचें वाईट वाटलें.

बाजारांत मिळणाऱ्या मोटारींच्याच घाटाच्या गाड्या मजबूत करून वर्तुळाकार मार्गावर पळवावयाच्या, हा अमेरिकेंतील मोठा लोकप्रिय खेळ. त्यास तिकडे ‘स्टॉक कार’ शर्यत म्हणतात. १९४८ सालीं ‘नास्कार’ ही संस्था निघून त्यास शिस्त आली. परंतु ज्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसास गोऱ्यांच्या खानावळींत बसण्याची मुभा नव्हती, तेथें त्यानें गोऱ्यांच्या चाकाशीं चाक भिडवावें, हें कोणास रुचावें?

व्हर्जिनियांतील डॅनव्हिल हें कापडगिरण्यांचें व तंबाखूचें गांव. वेंडेल तेथें १९२१ सालीं जन्मला. मोटारदुरुस्तीची विद्या त्यास बापाकडूनच मिळाली. गिरणीची ताबेदारी त्यास नको होती. महायुद्धांत त्यानें सैन्यांत यांत्रिकाचें काम केलें; परतल्यावर टॅक्सी हांकली, दुरुस्तीचें दुकान काढलें आणि, लपविण्यांत अर्थ नाहीं, रात्रीं चोरटी दारूहि वाहिली. १९५२ सालीं शर्यतीच्या व्यवस्थापकांना प्रेक्षक खेंचण्यासाठीं एक वेगवान काळा सारथी हवा होता. त्यांनीं पोलिसांकडे चौकशी केली, आणि ज्यांना हा गुंगारा देत असे त्या पोलिसांनींच याचें नांव सुचविलें! गांवांतल्या त्या पहिल्या शर्यतींत कांहीं प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. तो मात्र पुनः पुनः येत राहिला.

पाठीशीं धनिक आश्रयदाता नाहीं. जुनी गाडी घ्यावी, जुनेच भाग जोडावे आणि स्वतःच हांकावी. मुलगे हाताखालीं मदतनीस. आपल्याकडे एखाद्या एकत्र कुटुंबाचें दुकान चालावें, तसाच तो प्रकार होता.

१ डिसेंबर १९६३ रोजीं फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें अर्ध्या मैलाच्या मातीच्या मार्गावर २०० फेऱ्यांची शर्यत झाली. स्कॉटची ३४ क्रमांकाची शेव्हरोले सर्वांच्या पुढें गेली होती. तरीहि जयघोष झाला तो बक बेकर याचा, आणि चषकहि त्याच्याच हातीं पडला! स्कॉटनें हरकत घेतली. फेऱ्यांची मोजणी पुन्हां झाली, आणि कांहीं तासांनीं खरा विजेता स्कॉटच, असें अधिकाऱ्यांनीं कबूल केलें. मोजण्यांत चूक झाली, हें त्यांचें म्हणणें. विजयमंचावर काळा माणूस उभा राहूं नये म्हणूनच हें झालें, असें घरच्यांना वाटे. आम्हांसहि घरच्यांचें म्हणणें पटतें. कबुली मिळाली तेव्हां प्रेक्षक घरोघर गेले होते. पुढें त्यास एक क्षुल्लक लांकडी स्मृतिचिन्ह मिळालें, तेवढेंच.

श्रेष्ठ श्रेणीच्या ४९५ शर्यती तो खेळला. जिंकली ती हीच एक. १९७३ सालीं टॅलाडेगा येथील अपघातांत हाडें मोडलीं आणि गाडी कायमची थांबली म्हटलें तरी चालेल. डॅनव्हिललाच १९९० सालीं त्याचा अंत झाला. ज्या गांवानें एकदां हुर्यो केली, त्याच गांवांतील एक रस्ता आज त्याच्या नांवाचा आहे. २०१५ सालीं नास्कारनें त्यास आपल्या कीर्तिमंदिरांत स्थान दिलें. हा मान मिळालेला तो पहिला काळा सारथी.

त्या चषकाची वाट मात्र घरचीं माणसें पाहतच होतीं. २०२१ च्या ऑगस्टांत, सुमारें ५८ वर्षांनीं, डेटोना येथें जॅक्सनव्हिलच्या विजयाचा खास घडविलेला चषक त्याच्या मुलांनातवंडांच्या हातीं देण्यांत आला.